सीमोल्लंघनाचे तीन बार

सासुरवाडीत जावयाने काय करू नये हे माझ्या आईने लग्नाच्या आधीच मला नीट समजावून सांगितलं होतं. पुरणपोळी मागून घेऊ नये, पंगतीतून सासऱ्यांच्या आधी उठू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी गाणं म्हणू नये. पण सासऱ्यांची बंदूक दुरुस्तीला नेऊ नये, हे सांगायचं काही बिचारीला सुचलं नाही. त्यात तिचा दोष नव्हता. आमच्या घराण्यात अडकित्त्यापलीकडे कुणी शस्त्र पाहिलेलंच नव्हतं.

माझे सासरे नारायणराव, म्हणजे अण्णा, भूम तालुक्यातल्या ईट गावचे. दसऱ्याला गावची पालखी शिवेवर पोचली की बंदुकीचे तीन बार काढायचा मान त्यांच्या घराकडे. हे बार एकामागून एक, सलग व्हावे लागतात. तिसरा बार झाल्याशिवाय गावातलं कुणी आपट्याच्या पानाला हात लावत नाही. अण्णांच्या आजोबांच्या काळी ठासणीच्या तीन बंदुका घेऊन तीन भाऊ उभे राहत. पुढे भाऊ कमी होत गेले आणि अण्णांवर एकट्याने उभं राहायची पाळी आली. निजामी संपल्यावर एक जहागीरदार बाडबिस्तरा आवरून हैदराबादेकडे निघाला, त्याच्याकडून त्यांनी ही बंदूक घेतली. बेल्जमची. नळी एकच, पण पोटात पाच काडतुसं. बार उडाला की धक्क्यासरशी नळी मागे येते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, दुसरं वर चढतं आणि नळी पुन्हा आपल्या जागी जाते. माणसाने फक्त चाप ओढायचा. गावात तिला पाचबारी म्हणत, आणि आसपासच्या कुठल्याही गावाकडे तसली बंदूक नव्हती, हे ईटची लहान पोरंसुद्धा परगावच्या पोरांना सांगत.

अशी ही पाचबारी एका दसऱ्याला ऐन शिवेवर अडली. पहिला बार झाला. दुसऱ्याला अण्णांनी चाप ओढला तर नुसती शांतता. नळी अर्ध्यात थांबलेली आणि रिकामं काडतूस बंदुकीच्या खिडकीत आडवं अडकलेलं. अण्णा ते ओढू लागले. पालखीचे भोई खांदा बदलून उभे राहिले. सगळा गाव पानाकडे हात करून थांबलेला. शेवटी चन्नबसप्पांनी, म्हणजे ईटच्या सरपंचांनी, आपल्या दुकानातून फटाके मागवून दोन आवाज काढले आणि तिढा सोडवला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अण्णा घरी आले ते बंदूक कोपऱ्यात उभी करून अंगणात जाऊन बसले. सणाचं ताट तसंच राहिलं.

हे सगळं मला माहीत होतं. पण त्यात मी काही करायचं आहे, हे मात्र पुढच्या वर्षी गणपती उठल्यावर कळलं. माझी बायको शामला माहेरी चार दिवस राहून भूमला परत आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "अहो, चन्नबसप्पांनी अण्णांना विचारलंय, यंदा बार्शीहून फटाके आणून ठेवू का म्हणून."

"बरं मग?"

"मग काय बरं? अण्णा म्हणाले, यंदा अडली तर बंदूक तहसिलीत जमा करतो. अन् म्हणाले, पुन्हा शिवेवर काही मी जायचा न्हाई. माणसं वाट बघत्यात अन् आपण खुळ्यासारखं ओढत बसायचं."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही. तिने पिशवीतून अंबाडीच्या भाजीची जुडी काढली आणि निवडायला बसली. ती न बोलता भाजी निवडू लागली की मला तिला नाही म्हणता येत नाही.

आता माझ्या हुद्द्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी भूमच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून. हत्यारांच्या परवान्यांचं काम माझ्याच टेबलावर. त्यामुळे शामलाला वाटलं की काम झाल्यातच जमा. कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या बायकोचे असे गैरसमज असतातच. बंदूक गावाबाहेर दुरुस्तीला न्यायची तर अर्ज लागतो. अण्णांनी अर्ज केला. तो रीतसर माझ्या टेबलावर आला. आणि समोर कागद आला की हाताला जी सवय, त्या सवयीने मी त्यावर शेरा मारला: "मूळ परवाना उर्दूत आहे. मराठी भाषांतर सोबत नाही. अर्जदारास समक्ष बोलवावे."

अर्जदार समक्ष आले. डोक्याला रुमाल बांधून, धोतराचा सोगा सावरत, रांगेत उभे राहून. नंबर आला तेव्हा माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, आपली नोटीस मिळाली."

मी खुर्चीतून ताडकन उठलो. कचेरीत पाया पडावं की नाही याबद्दल नियम नव्हता. मी अर्धवट वाकलो, तेव्हा कोपराने शाईची दौत सांडली. अण्णांनी आपल्या रुमालाच्या टोकाने टेबल पुसलं आणि हळूच म्हणाले, "गोपाळराव, नियमात ऱ्हावा. मला बरं वाटलं बघा." ते खरंच बोलत होते. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

हे इथेच मिटलं असतं. पण नात्यातल्या माणसाच्या अर्जावर मी शेरा कसा मारला, म्हणून माझाच खुलासा मागवण्यात आला आणि कागद शेजारच्या टेबलावर गेला. तोवर अण्णांचे दोस्त खाजाभाई भाषांतर घेऊन आले. खाजाभाई पूर्वी ईटच्या मदरशात उर्दू शिकवत. त्यांचं मराठी चांगलं होतं, पण सरकारी कागद म्हणजे त्यात अदब हवी अशी त्यांची समजूत. त्यांनी लिहिलं होतं की, सदरहू नेकनाम नारायणराव, ज्यांची सावली गावावर कायम राहो, यांजपाशी पाच मुखांची एक नामवंत बंदूक आहे. शेजारच्या टेबलाने ते वाचलं, बंदूक हजर करवली, तिला वरून खालून न्याहाळलं आणि कागदावर लिहिलं: "प्रत्यक्षात नळी एकच आढळते. उरलेल्या चार मुखांबाबत खुलासा व्हावा."

खाजाभाई म्हणाले, "अरे साब, मैंने तारीफ लिखी थी. तारीफ को बी खुलासा लगता क्या?"

लागला. तो खुलासा मीच लिहून दिला, सही खाजाभाईंनी केली, आणि अखेर दुरुस्तीपुरती परवानगी निघाली. खुलासे लिहिण्यात माझा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता, एवढंच काय ते त्यातलं समाधान.

भाषांतर तपासायला बंदूक हजर केली होती, ती परवानगी निघायच्या आधी पुन्हा ईटला न्यावी लागली, कारण परवानगी होती ती ईटहून भूमला आणण्याची. ती आधीच भूममध्ये असेल तर आणणार कशी? हा प्रश्न मीच उपस्थित केला होता, हे शामलाला अजून माहीत नाही. मी एस.टी.ने ईटला गेलो आणि बंदूक गोधडीत गुंडाळून उलट एस.टी.ने निघालो. कंडक्टरने गोधडीत काय आहे विचारलं. मी खरं सांगितलं आणि कागद दाखवला. माझा अंदाज होता की लोक घाबरून लांब सरकतील आणि मला ऐसपैस बसायला मिळेल. झालं उलटंच. सगळी गाडी माझ्या बाकाभोवती गोळा झाली.

"काय झालंय म्हणायचं तिला?"

"नळी मागं येत नाही."

"तेल द्या. तेलाबिगर काय बी हालत न्हाय."

"तेल न्हाय, दृष्ट लागली आसंल. मिरच्या उतरा."

वाटेत थांब्यावर नवीन माणूस चढला की आधीची माणसं त्याला अथपासून सगळी हकीकत सांगत आणि मग तो आपलं मत देई. भूम येईपर्यंत माझ्या सासऱ्यांची शिवेवर झालेली फजिती निम्म्या तालुक्याला पोचली होती. ती मी बंदुकीबरोबर आपणहून गाडीत घातली, हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं.

भूममध्ये बंदुका दुरुस्त करणारा कुणी नव्हता, पण घरी आमचे शेजारी गुरुलिंग वाट बघत होते. गुरुलिंग सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. माणसाचं नि यंत्राचं पोट सारखंच, असं त्यांचं शास्त्र. त्यांनी बंदूक आडवी धरली, तिच्या खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाले, "बद्धकोष्ठ हाय. एरंडेल द्या."

एरंडेल दिलं. नळी आणखीच चिकटली. मग शामलाने शिवणयंत्राचं तेल दिलं. मग समोरच्या बाईंनी साजूक तूप पाठवलं, कारण त्यांच्या माहेरी म्हणे तलवारीला तूप लावत. शेवटी हे सगळं रॉकेलने धुऊन काढण्यात माझा एक रविवार गेला आणि घरात तुपाचा, एरंडेलाचा आणि रॉकेलचा मिळून असा वास भरला की आमची मांजर दुसऱ्यांकडे राहायला गेली.

बंदूक स्वच्छ झाली. पण ती चालते की नाही हे बार काढल्याशिवाय कसं कळणार? भूममध्ये बार काढायचा तर पोलीस हजर हवेत. आमचे फौजदार अंगाने दांडगे. कचेरीतल्या खुर्चीत बसताना हात आधी आत घ्यायचे आणि मग बाकीचे स्वतः. ते हौसेने ओढ्याकाठी आले. "आण इकडं," म्हणाले. बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला. धडाड, धडाड, धडाड. रिकामी काडतुसं टपाटप उडून ओढ्यात पडली. मी कानांत बोटं घालून डोळे मिटले होते, त्यामुळे मला ते दिसलं नाही, नंतर कळलं. मला आवाज सोसत नाही. कचेरीत कुणी फाइल आपटली तरी माझं अक्षर बिघडतं.

"चांगली तर हाय की बंदूक," फौजदार म्हणाले. आणि खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी आणखी बरेच बार काढले. परवान्यावर वर्षाची काडतुसं ठरलेली असतात. त्यांच्या खात्रीत निम्म्याहून जास्त संपली. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी इतका खूश झालो होतो की परतीच्या एस.टी.त गोधडीत काय आहे ते कुणी विचारायच्या आधीच सांगू लागलो.

दसऱ्याच्या तोंडावर आम्ही दोघं ईटला पोचलो. अण्णांनी बंदूक हातात घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला. "पोरी, झाली का बरी?" म्हणाले. हे शामलाला म्हणाले की बंदुकीला, ते कळलं नाही. मागच्या परसात चार माणसं जमली. अण्णांनी बंदूक वर आभाळाकडे धरली आणि चाप ओढला. बार झाला. नळी अर्ध्यात थांबली. रिकामं काडतूस खिडकीत आडवं.

पुन्हा लावली. पुन्हा तेच.

अण्णांनी काडतूस काढून खिशात टाकलं. बंदूक माझ्या हातात देऊन मारुतीच्या देवळात गेले. ते गेल्यावर सगळ्यांना वाचा फुटली. चन्नबसप्पा म्हणाले, "सायेब, तालुक्याला जाऊन आली की ती. आता खेड्यात कशाला चालंल? आमची पोरं बी तशीच करत्यात."

"वर्दीला भिऊन चालली असंल तिथं," दुसरा म्हणाला.

खाजाभाईंनी बंदुकीकडे बघून मान हलवली. मग म्हणाले, "नारायणरावांची बंदूक अन् माझी सायकल, दोघींची उमर झाली. माझी बी आता चढावर चालत नाही."

"सायेब, तुमी तर काढून बघा एक," चन्नबसप्पा म्हणाले.

मी नको म्हणालो. पण जावयाला नको म्हणायचा हक्क फक्त जेवताना असतो. मी बंदूक धरली. धरली म्हणजे काय, जितकी लांब धरता येईल तितकी लांब धरली, तोंड दुसरीकडे केलं आणि चाप ओढला. पुढचं मला आठवतं ते एवढंच की मी जमिनीवर बसलो होतो आणि माझी टोपी तुळशीपाशी पडली होती. बंदूक अडलेली होती. लोक हसू नये म्हणून खोकत होते.

माणसाच्या अब्रूला एकदा धक्का लागला की तो दुसरा धक्का लागू नये म्हणून शहाणपण शिकतो. "थांबा," मी म्हणालो. परसात एक जुना कडुनिंब आहे. मी त्याला पाठ लावून, दोन्ही पाय रोवून, अगदी भिंतीला टेकावं तसा टेकलो. हेतू एवढाच की या खेपेला पडायचं नाही. बंदूक खांद्याशी घट्ट आवळली आणि डोळे मिटून चाप ओढला. मग दचकून बोट सैल झालं आणि भीतीने पुन्हा आवळलं गेलं. धडाड, धडाड. दोन्ही काडतुसं उडून गवतात पडली आणि तिसरं काडतूस आपोआप वर चढलं.

परसात एकच गलका झाला. तेवढ्यात अण्णा दारात आले. देवळापर्यंत दोन बारांचे आवाज गेले होते, आणि ते त्या वयात धावत आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"सुटली?" त्यांनी विचारलं. आणि कुणी काही बोलायच्या आत बंदूक माझ्याकडून घेतली, तिथेच परसाच्या मध्यावर उभं राहून आभाळाकडे धरली आणि चाप ओढला.

अडली.

कुणी हसलं नाही. चन्नबसप्पांना शांतता सोसत नाही. ते म्हणाले, "अण्णा, तिला आता जावई पसंत पडल्यात."

अण्णांनी अडकलेलं काडतूस बोटाने काढलं. वेळ लागला, पण काढलं. मग म्हणाले, "व्हय. यंदा बार गोपाळराव काढतील. घरचाच माणूस हाय." आणि आत जाऊन त्यांनी फडताळ उघडलं. काडतुसं तीनच उरली होती.

संध्याकाळी शामला स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. मी पाटावर बसून डोकं चालवत होतो. फौजदारांच्या हातात चालते. अण्णांच्या हातात नाही. माझ्या हातात एकदा नाही आणि एकदा चालते. कचेरीत असा कागद आला असता तर मी तो सरळ परत पाठवला असता.

"दुसऱ्यांदा मी वेगळं काय केलं?" मी मोठ्याने म्हणालो. "काहीच नाही. नुसता झाडाला टेकलो होतो."

शामलाचा हात वरवंट्यावर थांबला. ती म्हणाली, "गणपतीत अण्णांना सदरा शिवला. जुन्या मापाने बेतला तर खांदे खाली उतरायला लागले. दोन बोटं आत घ्यावे लागले."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही झाडाचं म्हणालात म्हणून आठवलं."

दोन बोटं, मी मनात म्हणालो. आणि मग सगळं एकदम लख्ख झालं. नळी मागे यायची तर बंदुकीने जागेवर राहायला हवं. तिच्या पाठीशी काहीतरी घट्ट हवं. फौजदारांचा खांदा घट्ट. कडुनिंब घट्ट. पण खांदाच जर धक्क्याबरोबर मागे सरला, तर सगळा धक्का त्या सरण्यातच जिरतो आणि नळीच्या वाट्याला काही उरत नाही. बंदुकीत काहीच बिघडलेलं नव्हतं. एरंडेलाआधीही नव्हतं. अण्णा म्हातारे झाले होते, एवढंच झालं होतं.

शामला आता रडत होती. पुरणात पडू नये म्हणून तोंड बाजूला करून. "त्यांना सांगू नका हो," ती म्हणाली. "बंदूक बिघडली म्हणून तरी ते तिच्यावर रागावतायत. खांद्यावर कसं रागावतील?"

सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला दिसतच होतं. अण्णांनी ऐकून घेतलं असतं, बरं म्हटलं असतं आणि दसरा झाल्यावर बंदूक गोधडीत गुंडाळून, रांगेत उभं राहून, माझ्याच टेबलावर जमा केली असती. आणि त्यांना पोच लिहून द्यायची पाळी माझ्यावर आली असती. मी आयुष्यात पुष्कळ पोचा लिहिल्या. ती एक मला लिहायची नव्हती.

दसऱ्याला सकाळी शस्त्रांची पूजा झाली. पाटावर पाचबारीला झेंडूची माळ, शेजारी विळा-कोयता, खाली माझी टाकाची पेटी, तिलाही हळदकुंकू. अण्णांनी पूजा आटोपून बंदूक उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या गोपाळराव. सांजच्याला आपल्याकडचा मान तुमच्याकडं."

मी हात मागे बांधले. "अण्णा, मला जमायचं नाही."

"काल दोन काढले की सलग."

"ते झाडाला धरून. शिवेवर झाड कुठं आहे? मोकळं रान. मी तिथे सगळ्या गावादेखत पडेन. मला भीती वाटते, अण्णा." यातला एकही शब्द खोटा नव्हता, त्यामुळे बोलायला सोपं गेलं. "बार तुम्हीच काढा. पण घरचा जावई म्हणून मला शेजारी उभं राहावं लागणार, आणि नुसतं उभं राहायचीही मला भीती वाटते. मी तुमच्या मागे उभा राहीन. तुम्हाला घट्ट धरून. चालेल का?"

अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांचे डोळे अजून तीक्ष्ण होते.

"एवढी भीती वाटती?"

"फार."

"लोक हसतील तुम्हाला."

"काल हसलेच की. आता सवय झाली."

अण्णांनी बंदूक परत पाटावर ठेवली आणि माळ सारखी केली.

संध्याकाळी पालखी निघाली. हलग्या वाजत होत्या, ज्वारीच्या रानावर पिवळं ऊन होतं. चन्नबसप्पांच्या बगलेत एक पुडकं होतं आणि त्यात फटाके होते, हे सगळ्यांना दिसत होतं. ते मात्र ते उपरण्याखाली लपवत होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितलं आहे. शिवेच्या दगडापाशी पालखी थांबली. हलग्या थांबल्या. अण्णा पुढे झाले आणि मी त्यांच्या मागे.

मी पाय रोवले. दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती घातले आणि माझी छाती त्यांच्या उजव्या खांद्यामागे टेकवून सगळं अंग पुढे रेटलं. सदऱ्याच्या आतलं खांद्याचं हाड छातीला लागलं तेव्हा मला धक्काच बसला. एवढासा खांदा. गर्दीत खसखस पिकली.

"आरं, सायेब बघा की, सासऱ्याच्या आड लपल्यात."

"घट्ट धरा सायेब, न्हाय तर उडून जाल."

मी डोळे मिटले, कारण ते मला मिटायचेच होते. पहिला बार झाला. धक्का अण्णांच्या खांद्यातून सरळ माझ्या छातीत आला आणि माझ्या टाचांपर्यंत उतरला. मी हललो नाही. दुसरा झाला. अण्णांचा श्वास अडल्याचं मला त्यांच्या पाठीतून कळलं. मागच्या साली हाच बार अडला होता. मी आणखी रेटलं. तिसरा बार झाला आणि रानातले होले भरारून उडाले.

मग हलग्या सुरू झाल्या. गाव पानांवर तुटून पडला. पोरं किंचाळत होती. खाजाभाई लांबून दोन्ही हात वर करून "माशाल्ला, नारायणराव" म्हणत येत होते. चन्नबसप्पांनी फटाके शेवटी असेच आनंदाने लावले. मी डोळे उघडले तेव्हा माझे हात अजून अण्णांच्या कमरेला होते, आणि ते सोडवायचे कसे हे मला कळत नव्हतं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढे कितीतरी वर्षं भूमच्या बाजारात ईटचा माणूस भेटला की विचारायचा, "सायेब, सासऱ्याला सोडलं का न्हाय अजून?"

रिवाजाप्रमाणे आपट्याची पानं देऊन मी अण्णांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला मध्येच धरलं. पानं घेतली, आपली मला दिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला तसाच राहू दिला. पालखी पुढे गेली, माणसं पांगली, तरी त्यांनी हात काढला नाही. शामला थोडी लांब उभी होती आणि दुसरीकडे बघत होती.

"गोपाळराव," अण्णा म्हणाले, "पुढल्या दसऱ्यालाबी असंच भ्या."

अण्णा होते तोवर दर दसऱ्याला मी नियमाने भ्यालो.